हरितमापकाचा आकडा आणि फळझाडांतील नत्र: प्रयोगशाळेचा अहवाल उलटा का आला?

नवती यांचा मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लिंबूवर्गीय फळझाडांचे तीन तुकडे आहेत. गेल्या हंगामापासून मी क्लोरोफिल मीटर (पानातल्या हरितद्रव्याचा अंदाज देणारा हरितमापक), म्हणजे ज्याला बहुतेक जण स्पॅड मीटर म्हणतात ते उपकरण, वापरू लागलो आहे. पान चिमट्यात धरायचे, दाबायचे आणि आकडा वाचायचा, इतकी सोपी रीत असल्यामुळे नत्राचा पुढचा हप्ता द्यायचा की थांबायचे हे बागेत उभ्याउभ्या ठरवता येईल, असे मी धरून चाललो होतो. या वेळी खात्रीसाठी तिन्ही तुकड्यांतील पानांचे नमुने प्रयोगशाळेतही पाठवले आणि तिथेच गोंधळ सुरू झाला.

पहिल्या तुकड्यात, जिथे झाडे तरुण आहेत, मीटरची सरासरी ६६ आली. अहवालात नत्र २.३ टक्के. दुसऱ्या तुकड्यात पाने फिकट दिसतात, सरासरी ४४ आली. अहवालात नत्र २.७ टक्के. तिसरा तुकडा जुना आणि दाट आहे, तिथे सरासरी ६० आणि नत्र २.६ टक्के. म्हणजे सर्वांत हिरव्या पानांत नत्र सर्वांत कमी आणि सर्वांत फिकट पानांत सर्वांत जास्त! दुसऱ्या तुकड्याला युरिया देण्याची सगळी तयारी झाली होती, ती मी थांबवली आहे. चूक मीटरची, प्रयोगशाळेची की माझी, हे समजून घ्यायचे आहे. दुसऱ्या तुकड्याच्या अहवालात लोहसुद्धा पुरेसे दाखवले आहे, हे आधीच नमूद करतो.

खुंटकलम

तुमचे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, असे माझे मत आहे. फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आधी मीटर काय करते ते पाहू. स्पॅड-५०२ या उपकरणात पानाच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश सोडला जातो: ६५० नॅनोमीटरचा तांबडा, जो हरितद्रव्य शोषून घेते, आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, जो हरितद्रव्य जवळपास शोषतच नाही. पानातून पलीकडे किती प्रकाश पोचला याच्या तुलनेवरून तो आकडा काढला जातो. त्याला एकक नसते. मोजले जाते ते क्षेत्र जेमतेम २ बाय ३ मिलिमीटरचे, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठे नाही. या सगळ्यात नत्र कुठेच प्रत्यक्ष मोजला जात नाही.

नत्राचा संबंध येतो तो आडवळणाने. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमभोवती नत्राचे चार अणू असतात हे खरे, परंतु पानातल्या एकूण नत्रापैकी हरितद्रव्यात अडकलेला वाटा अगदी लहान असतो. मोठा वाटा असतो हरितलवकांतल्या प्रथिनांचा, विशेषतः कार्बन स्थिर करणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचा. नत्र पुरेसा असला की प्रथिनेही वाढतात आणि हरितद्रव्यही वाढते, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण मधली कडी दुसऱ्या कुठल्या कारणाने तुटली, म्हणजे नत्र असूनही हरितद्रव्य तयार झाले नाही, तर अंदाज कोसळतो. लोह, मॅंगेनीज, जस्त, मॅग्नेशियम, गंधक यांपैकी कशाचीही उणीव ही कडी तोडू शकते. कोळी किडीने पान खरवडले तरी तोडू शकते.

आणखी एक मुद्दा, जो उपकरणाच्या माहितीपत्रकात लहान अक्षरांत असतो: अधिक-उणे १ एककाची अचूकता ० ते ५० या पट्ट्यापुरतीच सांगितलेली आहे. लिंबूवर्गीय आणि आंब्यासारखी जाड पाने सहज त्याच्या वर जातात. त्यामुळे ६६ आणि ६० यांतल्या फरकावर फार मोठी इमारत उभी करू नका.

तुलाधार

खुंटकलम यांच्या म्हणण्याला जोड देतो. पहिल्या तुकड्याचे कोडे मला पानाच्या जाडीचे वाटते.

प्रयोगशाळा नत्र सांगते तो कोरड्या वजनाच्या टक्केवारीत. मीटर मात्र पानाच्या पृष्ठभागाच्या एका ठिपक्यातून आरपार जाणारा प्रकाश पाहते, म्हणजे त्याचा संबंध दर चौरस सेंटिमीटरमागे किती हरितद्रव्य आहे याच्याशी येतो. पान जाड, घट्ट आणि पिष्टमय असेल तर त्याच क्षेत्रफळात वजन जास्त भरते. नत्र त्या वजनात विरून टक्केवारी खाली येते, पण ठिपक्यातले हरितद्रव्य काही कमी झालेले नसते. तरुण, मोकळ्या झाडांची सगळीच पाने उन्हात वाढतात, आणि उन्हातले पान सावलीतल्या पानापेक्षा जाड असते. भातपिकातही पानाचे दर क्षेत्रफळी वजन हिशेबात धरल्यावर मीटरवरून केलेला नत्राचा अंदाज सुधारतो, हे १९९३ सालीच दाखवले गेले होते. फळझाडांत, जिथे एकाच झाडावर ऊन आणि सावली दोन्ही आहेत, तिथे ते जास्तच लागू पडते.

हे तपासायला महागडे काही लागत नाही. कागदाला भोक पाडायचे ६ मिलिमीटरचे पंच घ्या. ज्या पानांवर मीटर लावला त्याच पानांतून, मधली शीर टाळून, प्रत्येक तुकड्यातून ५० चकत्या काढा. एका चकतीचे क्षेत्रफळ ०.२८३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ५० चकत्यांचे १४.१ चौरस सेंटिमीटर. ६५ ते ७० अंश सेल्सियसला दोन दिवस वाळवून मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या तराजूवर तोला आणि आकडे इथे द्या.

शिवाय एक प्रश्न: मीटर लावलेली पाने आणि प्रयोगशाळेत गेलेली पाने एकच होती का?

मृद्गंध

मला दुसऱ्या तुकड्याबद्दल बोलायचे आहे, कारण तिथे घाईने युरिया पडला तर नुकसान होईल.

नवती, कृपया झाडाजवळ जाऊन दोन गोष्टी बघा. फिकटपणा शेंड्याकडच्या नव्या पानांवर आहे की खालच्या जुन्या पानांवर? आणि पान सगळे सारखे पिवळट आहे की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे? नत्र झाडात सहज फिरतो. कमी पडला की झाड जुन्या पानांतून तो काढून नव्या वाढीला देते, म्हणून उणीव आधी जुन्या पानांवर आणि सरसकट पिवळेपणाने दिसते. लोह असे फिरत नाही. त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते.

अहवालात लोह पुरेसे आहे, एवढ्यावरून लोह बाद करू नका. चुनखडीयुक्त जमिनीत हा चकवा नेहमीचा आहे. अशा जमिनीत पिवळ्या पडलेल्या पानांत एकूण लोह हिरव्या पानांइतके, कधी त्याहून जास्तही सापडते. पण ते पानाच्या कामी येईल अशा रूपात नसते. शिवाय पानाची वाढ खुंटलेली असल्यामुळे असलेले लोह कमी वजनात दाटून दिसते. नत्राचेही तसेच होते: वाढच थांबली तर नत्र विरून जायला जागा उरत नाही, आणि २.७ टक्के असा भरघोस आकडा येतो. त्यात पानांवर धूळ असेल आणि पाने नीट धुतली नसतील, तर मातीतले लोहही अहवालात मोजले जाते.

खात्री करायची असेल तर अर्ध्या पानाची चाचणी करा. फेरस सल्फेटचे (लोहाच्या क्षाराचे) अर्धा टक्का ताजे द्रावण करा, त्यात चिकटण्यासाठी साबणाचा थेंब टाका, आणि दहा-बारा फिकट पानांच्या फक्त एका अर्ध्या भागाला ब्रशने लावा. दुसरा अर्धा भाग तसाच ठेवा. लावण्यापूर्वी दोन्ही अर्ध्या भागांवर मीटरचा आकडा घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. मीटर खरोखर उपयोगी पडते ते अशा कामात, कारण पान तेच, जाडी तीच, वय तेच, आणि बदलली असेल तर एकच गोष्ट.

बहरवाट

माझा अनुभव सफरचंद आणि पीच या पानगळीच्या झाडांचा आहे, त्यामुळे काही गोष्टी वेगळ्या असतील, तरी लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. पानगळीची झाडे शरद ऋतूत पाने टाकण्यापूर्वी त्यांतला सुमारे निम्मा नत्र परत ओढून खोडात आणि मुळांत साठवतात, आणि वसंतातली पहिली पालवी बरीचशी त्या साठ्यावर फुटते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला घेतलेला मीटरचा आकडा बहुतांशी मागच्या वर्षाची गोष्ट सांगतो. त्यावरून या वर्षीच्या जमिनीबद्दल निष्कर्ष काढला की फसगत होते. सफरचंदाचे प्रमाणित नमुने उन्हाळ्याच्या मध्यावर, चालू हंगामाच्या फांदीच्या मधल्या भागातील पाने घेऊन तपासले जातात. मीटरही त्याच पानांवर आणि त्याच सुमारास लावावा.

दुसरी गोष्ट अशी की, आकडा आणि नत्र यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. नत्र कमी असताना तो झपाट्याने चढतो, पुरेसा झाला की सपाट होतो. त्यापुढे दिलेला नत्र झाड घेते, पण पान त्याहून हिरवे होत नाही. मका पिकात यावर एक उपाय रुळला आहे: शेताच्या एका पट्ट्याला मुद्दाम भरपूर नत्र द्यायचा, त्याचा आकडा १०० मानायचा आणि बाकी शेत ९५ च्या खाली गेले की खत द्यायचे. फळबागेत मी हा उपाय करू शकत नाही. सफरचंदाला नत्र जास्त झाला की लाल रंग भरत नाही, गर मऊ पडतो आणि साठवणीत फळ टिकत नाही. सपाट भागात मीटर गप्प बसते, आणि फळझाडांत खरे नुकसान बऱ्याचदा तिथेच होत असते. म्हणून “नत्र कमी आहे” ही मीटरची सूचना मी ऐकतो. “नत्र भरपूर आहे, पण जास्त नाही” असे मीटर मला कधीच सांगू शकत नाही, हे मी धरून चालतो.

तुलाधार

बहरवाट यांच्याशी एका मुद्द्यावर थोडा मतभेद आहे. मुद्दाम अति-नत्राचा पट्टा फळबागेत नको, हे मान्य. पण तुलनेसाठी काहीतरी हवेच, नाहीतर आकडा अधांतरी राहतो. मी दर तुकड्यात अशी पाच-सहा झाडे निवडून खुणा करून ठेवतो, ज्यांची फांदीवाढ, फळधारणा आणि पर्णविश्लेषण सलग दोन-तीन वर्षे समाधानकारक आहे. बाकीच्या झाडांचा आकडा त्याच दिवशी या झाडांच्या आकड्याशी ताडून पाहतो.

बहरवाट

असा संदर्भ मलाही मान्य आहे, अट एवढीच की ती झाडे त्याच जातीची, त्याच खुंटावरची (ज्या रोपावर कलम बांधतात तो खुंट) आणि त्या वर्षी साधारण तेवढेच फळ असलेली असावीत. एकाआड एक वर्ष बहरणाऱ्या झाडांत भरलेल्या वर्षाची झाडे रिकाम्या वर्षाच्या झाडांशी ताडली, तर पुन्हा नवतींसारखाच गोंधळ होईल.

आम्रपालवी

आंब्याच्या बाबतीत एक लहानशी भर. नवी पालवी तांबूस असते, मग पोपटी होते आणि हळूहळू गडद हिरवी होते. एकाच झाडावर दोन-तीन पालव्या वेगवेगळ्या वयाच्या असतात. मी पहिल्या वर्षी हाताला लागेल ते पान धरले आणि आकडे इतके विखुरले की सरासरीला काही अर्थच राहिला नाही. आता पालवी फुटली की काही फांद्यांना रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवते आणि फक्त त्याच पानांवर मोजते.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने पानाचा रंग मोजणारी ॲपही आली आहेत. त्यांचा अनुभव कोणाला आहे का?

खुंटकलम

आम्रपालवी ताई, कॅमेरा पानावरून परतलेला प्रकाश पाहतो, आरपार गेलेला नाही. त्यामुळे आभाळ भरून आले, पानावर चकाकी आली किंवा फोनने रंगसंतुलन आपोआप बदलले, की आकडा बदलतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ठरावीक प्रकाशात फोटो घेतले तर ढोबळ वर्गवारी होते; त्याहून जास्त विश्वास मी ठेवणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटरचे आकडेही एकमेकांत मिसळू नका. तरंगलांबी आणि सूत्र वेगळे असते, त्यामुळे एकाचा ४० म्हणजे दुसऱ्याचा ४० नव्हे.

नवती

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो.

तुलाधार दादा, तुमचा प्रश्न वर्मावर बसला. मीटर मी स्वतः लावला होता: उभ्या उंचीवरची, उन्हातली, फळ नसलेल्या फांद्यांची पाने. प्रयोगशाळेचे नमुने मात्र दहा दिवसांनी दुसऱ्या माणसाने तोडले, आणि चौकशी केल्यावर कळले की पहिल्या तुकड्यातली बरीच पाने फळाला लागून असलेल्या फांद्यांची होती.

चकत्याही काढल्या. पहिल्या तुकड्याच्या ५० चकत्यांचे कोरडे वजन १९८ मिलिग्रॅम भरले, तिसऱ्याचे १५५. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १४ आणि ११ मिलिग्रॅम. हातात घेतल्यावरही फरक कळत होता: पहिल्या तुकड्यातली पाने दुमडली की कट्कन मोडतात, तिसऱ्यातली वाकतात.

दुसऱ्या तुकड्यात मृद्गंध यांनी सांगितलेले तंतोतंत आढळले. फांदीची खालची पाने बऱ्यापैकी हिरवी आहेत; शेंड्याची चार-पाच पाने लिंबासारखी पिवळी, त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी. मी त्या फांद्यांवर वरचीच पाने मोजत होतो, कारण ती हाताशी येतात. अर्ध्या पानाची चाचणी आजच लावली आहे.

तुलाधार

मग हिशेब मांडूनच पाहू. पहिल्या तुकड्यात २.३ टक्के गुणिले १४ मिलिग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.३२ मिलिग्रॅम नत्र. तिसऱ्यात २.६ टक्के गुणिले ११, म्हणजे ०.२९ मिलिग्रॅम. टक्केवारी कमी असूनही पहिल्या तुकड्याच्या पानात क्षेत्रफळामागे नत्र जास्त आहे, आणि मीटरने तेच दाखवले. नमुना वेगळ्या फांद्यांचा असल्यामुळे हा हिशेब कच्चा आहे, पण दिशा कळते.

तरीही यावरून पहिल्या तुकड्याला नत्र नको, असे म्हणणे मला धोक्याचे वाटते. लिंबूवर्गीय झाडांसाठी वापरात असलेला २.५ ते २.७ टक्क्यांचा इष्ट पट्टा वजनाच्या टक्केवारीवरच ठरलेला आहे, आणि तोही वसंतातल्या नव्या पालवीच्या, चार ते सहा महिने वयाच्या, फळ नसलेल्या फांद्यांवरील पानांसाठी. क्षेत्रफळामागच्या नत्राचा असा रुळलेला पट्टा आपल्या हातात नाही. फळाजवळच्या पानांत नत्र कमीच सापडतो, त्यामुळे तुमचा २.३ हा आकडा त्या पट्ट्याशी ताडताच येत नाही. योग्य पाने तोडून नमुना पुन्हा पाठवा. तोपर्यंत ठरलेला हप्ता आहे तसा चालू ठेवा, वाढवू नका आणि बंदही करू नका.

मृद्गंध

नवा नमुना घेताना मोजमापाची शिस्तही लावून घ्या. सकाळची एकच वेळ ठरवा. कडक उन्हात हरितलवके पेशीच्या कडेला सरकतात आणि आकडा किंचित बदलतो, मलूल पानातही तसेच होते. मोजताना आपल्या अंगाची सावली मीटरवर धरा. ताम्रयुक्त फवारणीचे डाग, काजळी, धूळ असलेले पान टाळा किंवा पुसून घ्या. मधली शीर आणि कडा यांच्या बरोबर मध्ये चिमटा लावा. एकाच पानावर दहा वेळा दाबण्यापेक्षा दहा झाडांच्या पानांवर दोन-दोन वेळा दाबलेले बरे, कारण फरक असतो तो झाडाझाडांत.

बहरवाट

आणि मीटरसोबत फांदीची लांबीही मोजा, असा माझा आग्रह आहे. नव्या फांद्यांची वाढ जोमदार असताना पान थोडे फिकट असेल तर त्याचा अर्थ वेगळा आणि फांद्या आखूड असताना फिकट असेल तर वेगळा. मी दहा झाडांच्या चार-चार फांद्या टेपने मोजतो, त्याला अर्धा तासही लागत नाही.

नवती

अठरा दिवसांनी लिहितो आहे. बारा पानांना फेरस सल्फेट लावले होते, त्यातली दोन गळली. उरलेल्या दहा पानांत द्रावण लावलेल्या भागाची सरासरी ३१ वरून ४० वर गेली. न लावलेला भाग ३१ वरून ३२ वर. काही पानांवर मधल्या शिरेच्या एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला पिवळे असे दोन रंग इतके स्पष्ट दिसतात की मीटरची गरजच वाटत नाही. दोन पानांवर हिरवे ठिपके तेवढे उठले, बाकी भाग तसाच राहिला. तिथे द्रावण नीट पसरले नसावे.

त्यामुळे दुसऱ्या तुकड्यातला युरियाचा जादा हप्ता रद्द केला आहे. मातीचा सामू (पीएच) आणि मुक्त चुना तपासायला दिला आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात आम्रपालवी ताईंप्रमाणे फळ नसलेल्या फांद्यांना दोरे बांधून तारखा लिहिल्या. पाने पाच महिन्यांची होतील तेव्हा त्याच पानांवर मीटर लावून, त्याच दिवशी, माझ्या हाताने नमुना तोडणार आहे, आणि चकत्याही त्यांतूनच काढणार आहे.

मृद्गंध

चाचणी स्पष्ट आहे. मातीत नुसते फेरस सल्फेट टाकू नका. चुनखडीत ते लवकर बांधले जाते. चिलेट (लोह विरघळलेल्या रूपात धरून ठेवणारे संयुग) वापरायचे झाले तर सामू कळल्यावर प्रकार निवडा: इडीटीएवर बांधलेले लोह जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही, इडीडीएचएवर बांधलेले टिकते. पाणी साचत असेल तर आधी निचरा पाहा, कारण ओल्या चुनखडीत बायकार्बोनेट वाढून हाच पिवळेपणा वाढतो. मातीचा अहवाल आला की इथेच टाका, त्यावरून मात्रा ठरवू.